तीन निंबांखालचं लॉन

भंवरकुआं, इंदूर
१८ नोव्हेंबर १९९६

ती. ताई,
साष्टांग नमस्कार.

नागपूरहून तू पाठवलेला दिवाळीचा चिवडा पोचला. डबा चेपला होता, चिवडा शाबूत होता. तो आम्ही लगेच संपवला, तरी तुझ्या हाताला मीठ कमीच, हे पुन्हा एकदा सांगून ठेवतो.

आता मुद्द्याचं. सुरभीचं लग्न ठरल्याचं वाचलं आणि मला घरात बसवेना. अंगणात फेऱ्या मारत राहिलो. फेऱ्या मारता मारता जे सुचलं ते लिहितो. विचारत नाहीये, कळवतोय. लग्न आपल्याकडे करायचं. आई-दादांनी बांधलेल्या या घरापुढे एवढी मोकळी जागा आहे, त्यांनीच लावलेले तीन कडुनिंब सावली धरून उभे आहेत, आणि मुलीचा सख्खा मामा चांगला धडधाकट आहे. मग हॉल कशाला? मी तिथे लॉन करतोय.

आपल्या लहानपणी इथे शेतं होती. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना कोचिंग क्लास आणि पोरांची होस्टेलं. राऊकडे निघालं की जागोजागी एक कमान दिसते, तिच्यामागे हिरवळ, आणि वर पाटी ‘मॅरेज गार्डन’. लोकांना आता धर्मशाळा नको, लॉन हवं. त्यांच्याकडे हिरवळ आहे पण झाडं नाहीत. आपल्याकडे झाडं आयती उभी आहेत. सुरभीचं लग्न थाटात झालं की बाहेरच्यांनाही कार्यासाठी जागा देता येईल, असं डोक्यात आहे.

मिलमध्ये सध्या काम ढिलं आहे, त्यामुळे वेळ मिळतो. सुलोचनाचा नमस्कार.

तुझा,
सुधाकर

नागपूर
२७ नोव्हेंबर १९९६

चि. सुधाकर यास अनेक आशीर्वाद.

तू ‘कळवतोय’ म्हणालास तेव्हाच मी समजले की विचारायचं काम आता माझ्याकडे आलं आहे. तर विचारते. मुहूर्त दोन मार्चचा, म्हणजे फाल्गुनाच्या तोंडावरचा. फाल्गुनात निंब काय करतात ते विसरलास का? आई अंगण झाडून पाठ वळवायची आणि मागे पुन्हा पिवळं व्हायचं. तुझ्या मुंजीत पंक्तीच्या पंक्ती श्रीखंडातून निंबाची पानं वेचत बसल्या होत्या. तू तर रडला होतास, मुंज झालेला मुलगा असून.

नवरदेव मानस गुणी आहे, पण त्याचे वडील अप्पासाहेब हे वेगळं प्रकरण आहे. बैठकीला आले तेव्हा आमच्या खुर्चीवरून आधी रुमाल फिरवला आणि मग बसले. हॉल घ्या असं त्यांचं म्हणणं आहे, आणि इथला एक हॉल त्या दिवशी मोकळाही आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. हे गेल्यापासून सुरभीचं सगळं मी एकटीने केलं. लग्नात मात्र मामा पुढे असावा असं मला फार वाटतं रे. म्हणून तुझं ऐकते आहे. पण विहिणीच्या ताटात पाला पडलेला मला चालणार नाही. होत असेल तर छातीवर हात ठेवून सांग. नसेल तर आत्ताच सांग.

माझं हे निवृत्तीचं वर्ष आणि नेमका चौथीचा वर्ग असा खोडकर मिळालाय की जाताना शाळेची आठवण यायला नको.

आणि मिलमध्ये काम ढिलं म्हणजे काय? तुझ्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकते आहे.

ताई

इंदूर
१२ जानेवारी १९९७

ती. ताई,
साष्टांग नमस्कार.

छातीवर हात ठेवून सांगतो, होणार. एका हातात खराटा आहे, म्हणून दुसरा ठेवला आहे.

हरळी लावली. इकडे तिला दूब म्हणतात. मुळं धरून आता चांगली पसरली आहे. सकाळी रस्त्याने जाणारी कोचिंगची पोरं फाटकाशी थांबून बघतात. परवा एक जण म्हणाला, “अंकल, इतनी हरियाली तो हमारे पूरे होस्टल में नहीं है.” मी म्हटलं, बेटा, चप्पल काढून ये आणि बस.

पाल्याची काळजी तू करू नकोस. मी सबंध नोकरी कार्डिंग खात्यात काढली. तिथे कापूस पिंजला जातो, त्याचा तंतू उडतो, यंत्रावर बसतो, माणसाच्या भुवयांवर बसतो. शिकाऊ पोरगा आला की पहिल्याच दिवशी कोरडा झाडू मारतो आणि सगळा कचरा हवेत चढवतो. कचरा काबूत ठेवायचा तर हवेत आणि जमिनीवर ओल ठेवावी लागते. हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून रोज सातला, पहिल्या शिफ्टच्या टायमाला, मी पाईपने सगळं लॉन भिजवतो आणि मग खराटा घेतो. यंदा पानं जरा लवकरच पिकायला लागली आहेत, पण एक पान जागचं उडत नाही. तुझ्या अप्पासाहेबांना सांग, रुमाल घरीच ठेवा.

मिलचं म्हणशील तर ठीक चाललं आहे.

तुझा,
सुधाकर

इंदूर
३ फेब्रुवारी १९९७

ती. ताईंना सौ. सुलोचनाचा नमस्कार.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. उत्तर शेजारच्या शारदाबाईंच्या पत्त्यावर पाठवा, त्या माझ्या हातात आणून देतील.

मिल ठीक चाललेली नाही, ताई. मिल बंद झाली. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत मिलच्या झांकीचा रथ निघाला, त्याच्यापुढे हे फेटा बांधून चालत होते, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गेटला कुलूप लागलं. तुम्हाला कळवू नको म्हणाले. सुरभीच्या सासरी ‘मामा घरी बसलेला आहे’ असं कळलं तर पोरीची मान खाली जाईल, हे यांचं म्हणणं. तेव्हापासून रोज सातच्या आत इस्त्रीचे कपडे घालून तयार होतात. मला डबा भरायला लावतात. आणि मग बाहेर लॉनवर जातात. दुपारी मधल्या निंबाखाली बसून डबा उघडतात. मी खिडकीतून बघते आणि आत येते.

लॉनचं पण खरं ते सांगते. पानं गळतात, हे त्यांच्यावर पाणी मारतात, ती बारीक पानं गवताला चिकटून बसतात. खराट्याने निघत नाहीत. निघाली तर दूबही मुळासकट निघते. आता जागोजागी पिवळे डाग पडलेत आणि हात लावला की खालून कुजकट वास येतो. हे म्हणतात पाणी कमी पडतंय. मग अजून मारतात. मी बोलले तर म्हणाले, “तू कभी खाते में काम किया है क्या?” रागावले की हे हिंदीत जातात, तुम्हाला ठाऊकच आहे.

आता कालपासून नवीन सुरू झालंय, की झाडंच काढून टाकू. मला रडू येतंय. पण तुम्ही लग्न हॉलमध्ये नेऊ नका, ताई. मिल गेल्यावर यांनी धरलेली ही एकच गोष्ट आहे. ही पण कुणी हातातून काढून घेतली तर हे उभे राहायचे नाहीत.

आपली,
सुलोचना

इंदूर
५ फेब्रुवारी १९९७

ती. ताई,
साष्टांग नमस्कार.

कामाची गती चांगली आहे. लॉन किंचित पिवळं वाटतं, पण ते थंडीमुळे. पाला मात्र सारखा येतो आहे. झाडून कोपरा गाठेपर्यंत पहिला कोपरा भरतो. म्हणून मी प्रश्न मुळापासूनच सोडवायचं ठरवलं आहे. झाडच नसेल तर पान कुठून पडेल? तिन्ही निंब काढायला एक माणूस ठरवला आहे, रविवारी सोळा तारखेला येईल. तो म्हणाला, “भिया, हरा नीम है, एक बार और सोच लो.” मी म्हटलं, सोचना हमारा काम है, तुम कुल्हाड़ी लाओ.

तुला वाईट वाटेल म्हणून आधी कळवतो. दादांची झाडं आहेत, मलाही कळतं. पण सुरभीचा दिवस एकदाच येणार आहे, आणि त्या दिवशी मला कुणापुढे मान खाली घालायची नाही.

तुझा,
सुधाकर

तार
नागपूर, १० फेब्रुवारी १९९७

लग्न पुढे. आता सत्तावीस एप्रिल. झाडं राहू दे, भर दुपारचा मांडव आहे. सविस्तर पत्र येते आहे. ताई

नागपूर
१० फेब्रुवारी १९९७

चि. सुधाकर यास अनेक आशीर्वाद.

तार मिळाली असेल. घाबरू नकोस, काही बिनसलेलं नाही. माझीच अडचण झाली. मार्चात बोर्डाच्या परीक्षा, पेपर तपासायला आमच्या शाळेतून शिक्षक जातात, आणि यंदा माझं नाव लागलं. रजा मिळायची नाही. मुलीच्या लग्नात आईच नाही असं कसं चालेल? अप्पासाहेब जरा कुरकुरले. त्यांना मी म्हटलं, तुम्ही शिस्तीचे, मीही शिस्तीची, सरकारी काम टाकून येता येत नाही. शिस्त म्हटल्यावर ते लगेच पंचांग उघडून बसले. पत्रिका अजून छापायच्या होत्या हे बरं झालं.

आता तू एक विचार कर. एप्रिलच्या शेवटी इंदूरचं ऊन. साडेबाराचा मुहूर्त. मुलाकडची पुण्याची माणसं, त्यांना उन्हाची सवय नाही. तू झाडं काढलीस तर त्यांना बसवणार कुठे? कापडाच्या मांडवाखाली भाजून निघतील. मला वाटतं, आता झाडांशिवाय भागणार नाही. पण तिथे तू आहेस, तुला जास्त कळतं. ठरव काय ते.

ताई

नागपूर
१० फेब्रुवारी १९९७

चि. सौ. सुलोचनास अनेक आशीर्वाद.

तू लिहिलंस ते फार बरं केलंस. मी शाळेतून आले, पत्र वाचलं, आणि स्वयंपाक तसाच राहिला. इस्त्रीचे कपडे घालून निंबाखाली डबा खाणारा सुधाकर डोळ्यांपुढून हलेना. हॉलवाल्याला नको म्हणून सांगितलं आहे. लग्न लॉनवरच होईल. तारीख मी हलवली. कारण मी त्याला दुसरं लिहिलं आहे, ते तू खरं मान.

मिलचं तू काढू नकोस, मीही काढणार नाही. सांगायचं तेव्हा तो सांगेल.

आता लॉनचं. आई सकाळी अंगणाला हात लावायची नाही. दव उडून पान कोरडं खुळखुळायला लागलं की मग झाडायची, आणि सगळं एका दमात गोळा व्हायचं. सुधाकर नेमका ओलं करून झाडतो आहे. पण हे त्याला तू सांगितलंस तरी पटायचं नाही आणि मी सांगितलं तरी नाही. त्याचं खातं मध्ये येईल. त्यापेक्षा पाईप हरवू दे. कुठे ते तू बघ. पाईप नसला की झक मारत कोरडं झाडेल, आणि मग ते त्यालाच सुचलं असं त्याला वाटेल. लहानपणापासून त्याला असंच शिकवावं लागतं.

ताई

इंदूर
१६ मार्च १९९७

ती. ताई,
साष्टांग नमस्कार.

तुझे पेपर कसे चालले आहेत? इकडे मी पास झालो आहे.

तू तारीख बदललीस म्हणून, नाहीतर दोन मार्चलाही मी लॉन तयार ठेवलं असतं. असो. झाडांचं तू माझ्यावर सोडलंस ते योग्य केलंस. एप्रिलात सावली लागणार हे माझ्या ताबडतोब ध्यानात आलं. कुऱ्हाडवाला दारात आला होता, त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. जाताना मधल्या निंबाला हात लावून गेला.

आणि एक गंमत ऐक. माझा पाईप चोरीला गेला. हिरवा, नवाकोरा. बहुतेक होस्टेलच्या पोरांनी नेला. दुसरा आणायचा म्हणत राहिलो, तेवढ्यात एका दुपारी सहज पाला ओढायचा बांबूचा पंजा फिरवून पाहिला. काय सांगू, पान न् पान हलकं होऊन पुढे पळत होतं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कापसाचा तंतू वेगळा आणि निंबाचं पान वेगळं. तंतूला दाबून ठेवायचं असतं, पानाला उचलायचं असतं. आता मी दव उडाल्याशिवाय लॉनवर पाऊल ठेवत नाही, आणि खराटा तर फेकूनच दिला. हा शोध मी स्वतः लावला आहे. सुलोचनाला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली. बायकांना या गोष्टींचं कौतुक नसतं.

होळीच्या आधी पाल्याने कहर केला. मागच्या परसात खड्डा खणून त्यात सगळा ढकलतो आहे, पुढे खत होईल. चांगली वाळलेली पानं सुलोचना पोत्यात भरते. गल्लीतल्या बायका वर्षाचे गहू साठवताना घालायला घेऊन जातात. डाग भरून येत आहेत. निंब सध्या अगदी उघडे दिसतात, पण शेंड्याला तांबूस पालवी आहे. मी रोज बघतो.

तुझा,
सुधाकर

इंदूर
६ मे १९९७

ती. ताई,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही सगळे गेलात आणि घर एकदम रिकामं झालं. खुर्च्या परत गेल्या, लॉनवर त्यांच्या पायांचे ठसे राहिले आहेत. ते चार दिवसांत उठतील.

लग्नात तू आत-बाहेर करत होतीस, त्यामुळे एक गोष्ट तुझ्या डोळ्यांआड झाली, ती लिहितो. अक्षता पडल्या, पहिली पंगत उठली. ऊन असं होतं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आणि पुण्याची सगळी मंडळी निंबांखाली खुर्च्या ओढून बसली होती, उठायचं कुणी नाव घेईना. निंब फुललेले. त्यांची ती बारीक पांढरी फुलं सारखी पडत होती, शालूंवर, टोप्यांवर, मठ्ठ्याच्या पेल्यांत. पानांचा बंदोबस्त केला होता, फुलांचा विचारच केला नव्हता. मी पंजा घेऊन धावलो आणि नेमका अप्पासाहेबांच्या पायापाशी पोचलो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या पंजाकडे पाहिलं आणि विचारलं, “मामासाहेब, आपण काय करता?”

ताई, या प्रश्नाची मी दिवाळीपासून वाट बघत होतो आणि उत्तरही पाठ होतं. मिलमध्ये सुपरवायझर. पण मी कोटावर फुलं पडलेली, हातात पंजा, असा उभा होतो. मी म्हणालो, “मिलमध्ये होतो. मिल बंद पडली. आता हे लॉन सांभाळतो.” तोंडातून गेलं आणि मला एकदम हलकं वाटलं. सुलोचनाशिवाय कुणाला मी हे मोठ्याने सांगितलं नव्हतं.

अप्पासाहेबांनी शेजारच्या खुर्चीवरची फुलं रुमालाने झटकली. मला वाटलं, झालं. पण ते म्हणाले, “मग बसा इथे. तुमच्याच सावलीत सगळे बसलेत आणि तुम्ही एकटे उन्हात.” मी बसलो. दुसरी पंगत लागेपर्यंत आम्ही दोघं बसून होतो. फुलं पडत होती, ती पडू दिली.

आता तुझं. गव्हाची कोठी भरायला मी काल झाकण काढलं. तळाशी हिरवा पाईप, व्यवस्थित गुंडाळलेला. सुलोचना म्हणाली, उंदरांनी नेला असेल. मी पाईप तिच्यापुढे धरला, तशी ती हसत सुटली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

पण तुमचं अर्धं कारस्थान मला फेब्रुवारीतच कळलं होतं, एवढं ध्यानात ठेव. तू चौथीला शिकवतेस. चौथीच्या बाईंना बोर्डाचे पेपर कोण देतो? तुझं पत्र वाचलं आणि त्या दुपारी मी मधल्या निंबाखाली बराच वेळ बसलो. सुलोचनाने तुला लिहिलं असणार आणि तुला मिलचं ठाऊक आहे हे समजलं. माझ्यासाठी तू मुलीचा मुहूर्त हलवलास हेही समजलं. तेव्हा ते बाजूला ठेवून पाईपच्या फुशारक्या लिहिल्या. आता लिहितो. तुझे फार उपकार आहेत, ताई.

जुन्या इंदुरातले चिंतामणराव लग्नाला आले होते. त्यांनी नातवाची मुंज लॉनवर करायची ठरवली आहे. मी पहिल्यांदा विचारलं, महिना कोणता? फाल्गुनातला असेल तर आपलं ‘मॅरेज गार्डन’ बंद.

जूनअखेर तू निवृत्त होतेस. सुरभी पुण्याला बोलावते आहे हे तिनेच मला सांगितलं. पण लॉनकडच्या खोलीला मी रंग काढायला घेतला आहे. खिडकीतून तिन्ही निंब दिसतात. विचारत नाहीये, कळवतोय.

तुझा,
सुधाकर

नागपूर
१४ मे १९९७

चि. सुधाकर यास अनेक आशीर्वाद.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. अप्पासाहेबांनी तो रुमाल तुझ्यासाठी फिरवला, हे मला आयुष्यभर पुरेल. उपकाराची भाषा पुन्हा काढलीस तर मात्र येऊन कान धरीन. तू मामा म्हणून पुढे उभा राहिलास, मला एवढंच हवं होतं, आणि ते मिळालं.

बोर्डाच्या थापेचं मात्र हसू आलं. मी इतकी वर्षं मुलांच्या थापा पकडते आणि माझी पकडली ती सगळ्यात ढ विद्यार्थ्याने.

सुरभीला मी सांगितलं की पुण्याला पाहुणी म्हणून येईन. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ट्रंका घेऊन निघते. खोलीला पिवळा रंग देऊ नकोस, फाल्गुनात पुरेसा पिवळा बघायचा आहे. माझ्या उंचीचा एक पंजा बनवून घे, तुझा मला लांब पडेल. आणि डबा भरायला सुलोचनाला आता लावू नकोस. दुपारी आपण तिघं निंबाखाली बसून ताटात जेवू, ताटात जे पडेल ते वेचून.

पहिल्या शिफ्टला दव असतं, तेव्हा झाडण्यासारखं काही नसतं. ती तू घे आणि सगळ्यांचा चहा कर. दुसरी शिफ्ट माझी.

ताई